परत वाचून दाखवा

६ जुलै, रविवार

सकाळची नेट, म्हणजे रविवारी सगळ्यांनी रेडिओवर जमायचं. प्रधान काकांनी कोपरीहून हाक दिली, एकेकाची हजेरी घेतली, खाडीकडचं हवामान सांगितलं आणि जाता जाता पिल्लू सोडलं. हौशी रेडिओच्या नियमांचा नवा मसुदा आलाय. रेडिओवरून ईमेल, आता नुसती चाचणीपुरती चालते ती, कायमची पाठवू द्यायची का, आणि पूरबीर आला तर बाहेरच्या लोकांचे निरोप आपण कसे न्यायचे, यावर दूरसंचार खात्याने मतं मागवलीत. क्लबचं एकच मत जायला हवं. लिहिणार कोण, तर सेक्रेटरी. म्हणजे मी. निवड झाली तेव्हा सगळे म्हणालेले, मॅडम, नावापुरतं आहे हो.

डोंबिवलीचा रोशन म्हात्रे लगेच घुसला. "काका, ह्यात विचारायचं काय? मेल पाहिजेच."

काका: "मध्ये बोलण्याआधी 'ब्रेक' म्हणतात, म्हात्रे."

मग जुंपली. आमचे सगळ्यांचे आवाज पुढे नेणारा तो टेकडीवरचा रिपीटर, एकाने फार वेळ बटण दाबून ठेवलं की आपोआप तोंड मिटतो. त्याने दोघांनाही गप्प केलं. आमच्या कॉलेजच्या मीटिंगांना असं यंत्र हवं.

मी शेवटी समेट करायला बोलत होते तर मागून मिलिंद ओरडला, "चहा झालाय, तुझ्या माहेरच्यांना पण विचार!" रेडिओच्या कोपऱ्याला तो माझं माहेर म्हणतो. बटण दाबलेलं होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. प्र.का. ताबडतोब: "सुजाता, लायसन नसलेल्या व्यक्तीचा आवाज हवेत जाता कामा नये." मिलिंद दिवसभर लायसन मागूनच चहा पितोय. मला हसू येत नाहीये.

८ जुलै, मंगळवार

कॉलेजहून येताना रोशनच्या दुकानात. कॉम्प्युटर दुरुस्ती, वर अँटेना. त्याने दाखवलं: लॅपटॉपवर मजकूर लिहायचा, रेडिओला जोडायचा, की हवेत नुसतं खर्र-किर्र ऐकू येतं आणि पलीकडच्या लॅपटॉपवर मजकूर जसाच्या तसा उतरतो. इंटरनेट नको, टॉवर नको. अक्षराची चूक नाही. मला खरंच आवडलं. पण नुसत्या कानाने ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळणार नाही, हेही खरं.

"आणि पलीकडे कुणी लॅपटॉप उघडलाच नाही तर?" मी विचारलं.

"उघडतील ना वो. काकांकडे मीच बसवून दिलाय एक."

तो मी पाहिलाय. झाकण मिटलेलं, वर काकूंनी विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी.

१० जुलै, गुरुवार

पौर्णिमा. वर्षावास सुरू. कॉलेज आटपून मोहन्याला ताईकडे, तिच्याबरोबर विहारात. पांढऱ्या साडीत ताई फार छान दिसते, आईसारखी. वाचनाला बसल्यावर तिचा डावा हात मांडीवर जरासा उडाला. मी बघितलं. तिने बघितलं की मी बघितलं.

बाहेर आल्यावर: "गोळ्या चालू आहेत. उगाच तोंड करू नको."

लहानपणापासून फिट येते तिला. आता वर्षानुवर्षं आलेली नाही, गोळ्यांवर आहे. भावजी गेल्यावर बंद कारखान्याच्या बाजूच्या चाळीत एकटी राहते, बालवाडीत खिचडी रांधते. गॅस, उकळतं पातेलं, आजूबाजूला पोरं. कळलं तर एक दिवस ठेवणार नाहीत तिला. त्या पगारापेक्षा तिला ती पोरं महत्त्वाची आहेत. 'खिचडीताई' म्हणून हाक मारतात तिला, मी स्वतः ऐकलंय. आईने जाताना माझ्याकडून वदवून घेतलेलं की कुणाला बोलायचं नाही. मिलिंदलासुद्धा लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही ताईला विचारून.

१३ जुलै, रविवार

डोंबिवलीत क्लबची बैठक. रोशनच्या दुकानाच्या वरची खोली, पंखा फिरतो पण वारा नाही.

प्र.का. उभं राहूनच बोलतात, या वयातही. "हवेत जे जातं ते कुणालाही ऐकता आलं पाहिजे. ही लहरींची जागा आपल्याला एका अटीवर मिळालीय. आपण काही लपवणार नाही. उद्या त्या खरखरीतून कुणी धंद्याच्या ऑर्डरी पाठवील. मी ऐकून काय ओळखणार? आणि चार जण ऐकत असतात म्हणून चूक सापडते. पेटीत पडलेल्या पत्राची चूक कोण सांगणार?"

रोशन: "मना सांगा काका, छावणीत कुणाला काय आजार, कुणाची पोरगी कुठं गेली, ते अख्ख्या गावाला ऐकवायचं? उद्या तुमच्या घरचं असंल तं?"

"आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही."

टाळ्या दोन्हीकडून. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं दोघांनी आपापला मसुदा लिहून द्या, मी एकत्र करते. एकत्र कसलं करणार, कपाळ? काका म्हणतात ते मला पटतं. त्यांनीच मला मोर्स शिकवलं, बाई आहे म्हणून एकदाही वेगळं वागवलं नाही. रोशन म्हणतो तेही पटतं. ताईचा हात डोळ्यांसमोरून जात नाही.

१९ जुलै, शनि.

उपवन तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. घरी येऊन चार ओळी लिहिल्या, चारही खोडल्या. मिलिंद: "तू नुसती उठते-बसतेस. बस तरी, नाहीतर ऊठ तरी."

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. ताईचा फोन, नदी वाढतेय पण दरवर्षीचंच आहे म्हणाली. मी म्हटलं, ये इकडे. "आणि पोरांना खिचडी कोण घालेल, तू?"

२४ जुलै, गुरुवार

आजच लिहून काढते. उद्या मी स्वतःला वेगळं काहीतरी पटवीन.

पहाटे नदी आत आली. मोहन्याच्या खालच्या चाळी पाण्यात. वीज गेली, टॉवर गेले, ताईचा फोन बंद. शहाडकडचा रस्ता बुडालेला. रोशन सकाळीच आंबिवलीच्या बाजूने सेट आणि लॅपटॉप घेऊन मोहन्याच्या शाळेत पोचलेला. लोकांना तिथेच वरच्या मजल्यावर आणलंय. कंट्रोलला, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेऊन पुढे द्यायला, प्र.का., घरून. मी आमच्या घरून, वर्तकनगरहून, निरोप पुढे सरकवत होते. शाळेतून रोशन बोलला की मागे हॉलचा गलका ऐकू यायचा. पोरं रडतायत, कुणी कुणाला हाका मारतंय. त्यात ताईचा आवाज शोधत होते मी.

दुपारच्या आत केव्हातरी रोशन म्हणाला, "काका, एक मेल टाकलाय, अर्जंट आहे, बघून घ्या."

काका म्हणाले, "बघतो." आणि पुढचा निरोप घेतला.

बराच वेळ गेला. रोशन पुन्हा आला, आवाज वेगळाच. "काका, मेल बघितला का? एका पेशंटला गोळी पाहिजे. भिजल्यात सगळ्या. सकाळची पण चुकली."

काका: "कुणाला? नाव, वय, गोळीचं नाव, कशावरची. अर्धा निरोप मी पुढे देत नाही."

तसे ते बरोबरच होते. आम्हाला सगळ्यांना त्यांनी हेच शिकवलंय. नाव नसलेला निरोप भलत्याच दारात जातो.

रोशन थोडा थांबला. मग म्हणाला, "रत्ना जाधव." आणि पुढचं सगळं. गोळी. फिट.

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच सेटमधून.

काकांनी नियमाप्रमाणे परत वाचायला घेतलं. घेतलेला निरोप पूर्ण परत वाचून दाखवायचा, म्हणजे चूक राहत नाही. रत्ना जाधव, स्त्री, फिटच्या आजारासाठी... मी बटण दाबून "ब्रेक, ब्रेक" ओरडले. दोघांचे आवाज एकमेकांवर पडले. हे तर आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो नवीन लोकांना. कुणी बोलत असताना बटण दाबलं तर दोघांचंही ऐकू येत नाही. मी, सेक्रेटरी, तेच केलं.

काका: "मध्ये कोण बोललं? निरोप तुटला आहे. सर्वांनी शांत राहावं. पुन्हा वाचतो."

आणि पुन्हा वाचला. सावकाश. नाव अक्षरी, एकेका अक्षराला ठरलेला शब्द. रोमिओ, अल्फा, टँगो, नोव्हेंबर, अल्फा. आजार अक्षरी. गोळी अक्षरी.

रोशनने "बरोबर, काका" म्हणायला बटण दाबलं तेव्हा मागे गलका नव्हता. हॉल चिडीचूप. तेव्हा कळलं मला की तिथे सेट स्पीकरवर आहे.

मग एक अनोळखी आवाज आला. घोगरा, अडखळत. "परब बोलतोय, आंबिवली. मी ऐकत असतो फक्त, बोलत नाय कधी. ती गोळी माझ्याकडे आहे. माझ्या मंडळींना तीच चालू आहे, तेवढ्याच पॉवरची. मी निघतो."

काका: "आधी कॉलसाइन सांगा."

सांगितला बिचाऱ्याने, लायसनवरचा तो ओळखक्रमांक. आणि कमरेएवढ्या पाण्यातून गेला. शाळेत आरोग्य केंद्राची सिस्टर होती, तिने भिजलेल्या पाकिटावरचं नाव ताडून गोळी दिली. रोशनने कळवलं, "पेशंट बरी आहे." सगळ्यांनी वाहवा केली.

मी गॅसजवळ खाली बसले आणि रडले. मिलिंद म्हणाला, "तू त्यांना सांगितलंस का, ती तुझी बहीण आहे म्हणून?" नाही सांगितलं. कसं सांगणार? तेही सगळ्यांनी ऐकलंच असतं ना.

२६ जुलै, शनिवार

पाणी उतरलं. मोहन्याला गेले. ताई खराट्याने चिखल ओढत होती. मी पदर खोचला, दुसरा खराटा घेतला.

"तुझेच ना गं ते लोक? डब्यातून बोलणारे?"

"हो."

"तू ऐकत होतीस?"

"हो."

"मग?"

"मी थांबवायला गेले ताई. मध्ये बोलले."

तिचा हात थांबला. "तो मधला आवाज तुझा होता?"

मी चिखल ओढत राहिले.

"म्हणजे तुझ्यामुळे दोनदा वाचलं."

निघताना मी डब्यातली चपाती-भाजी ठेवली, तिने बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या बाईने मला जिन्याशी गाठून हळूच विचारलं, "ते लागण होणारं नसतं ना हो?" मी फिजिक्स शिकवते. अकरावीच्या टारगट वर्गासमोर आवाज चढत नाही माझा. तिच्यावर इतकी ओरडले की खालची माणसं वर बघायला लागली.

२७ जुलै, रविवार

नेटवर मोहन्याचं कौतुकच कौतुक. प्र.का.: "हवेत बोललो म्हणून परबांनी ऐकलं." रोशन: "मेल उघडला असता तर बोलायची पाळीच आली नसती." पुन्हा तेच. दोघांच्याही तोंडी 'मोहने केस'.

केस.

मी हजेरी दिली आणि सेट बंद केला.

३० जुलै, बुध.

ताई फोन उचलत नाही. शेजारणीच्या मुलीकडून कळलं. बालवाडीच्या बाईंनी तिला सांगितलंय, थोडे दिवस आराम करा, ताई, बोलावू आम्ही. गोड बोलून. तीन दिवस ताई तरीही वेळेवर जाऊन फाटकाबाहेर उभी होती म्हणे.

कॉलेजात प्रॅक्टिकलला पोरांना लोलक मोजायला लावला आणि खिडकीत उभी राहिले. कुणी काय मोजलं देव जाणे.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही मसुदे आले.

रोशनचा: 'मोहने येथील एका एकाकी महिलेचा गंभीर आजार, जी बालवाडीत काम करते, सर्वांसमोर जाहीर झाला. डिजिटल ईमेलला कायमची परवानगी असती तर...' नाव नाही टाकलं, एवढं शहाणपण दाखवलंय. पण मोहन्यात बालवाड्या आहेत किती?

प्र.कां.चा, सुंदर अक्षरात, पूर्ण नावासकट. 'पुरावा अर्धा देऊ नये' असं समासात.

दोघांनाही ती हवीय. एकाला तिची अब्रू गेली म्हणून, दुसऱ्याला तिचा जीव वाचला म्हणून. दोन्ही खरं आहे, ह्याचाच राग येतो. खोटं असतं तर फाडून टाकलं असतं. मिलिंदवर विनाकारण खेकसले. तो शहाणा, पोळ्या लाटायला घेतल्या त्याने.

४ ऑगस्ट, सोमवार

काल नेटला गेलेच नाही. आज सुट्टी टाकून कोपरी.

काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी, सेटजवळ. मी बसले पण नाही. म्हटलं, "काका, रत्ना जाधव माझी सख्खी बहीण."

त्यांनी सेटचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, "नाव नसतं तर परबांनी गोळी कुणाच्या हातात दिली असती, सुजाता?"

"मला माहीत आहे ते."

"मी चुकलो असं तुझं म्हणणं आहे?"

"नाही. तेच तर. तुम्ही चुकला नाहीत आणि तिचं काम गेलं."

काकूंनी चहा ठेवला. काका त्यात साखर ढवळत राहिले, ते साखर घेत नाहीत. मग खाली बघून म्हणाले, "मेल आल्याचं म्हात्रेने सांगितलं ते मी ऐकलं होतं. मला ते यंत्र उघडता येत नाही गं. सूनबाई उघडते, ती ऑफिसला गेली होती. बघतो म्हटलं, म्हणजे... बघू म्हटलं. हवेत कसं सांगायचं, मला येत नाही म्हणून? सगळे ऐकत असतात."

माझा सगळा राग तिथेच खाली बसला, आणि तेही मला नको होतं. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, म्हणाले होते. मी ते वाक्य त्यांना परत ऐकवलं नाही. ओठांवर आलेलं.

"मी त्यांना भेटायला येऊ?"

"नको."

"नाव काढतो मसुद्यातून." मग कप खाली ठेवून, "त्यांचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

मी निघाले. कारण मला माहीत नव्हतं. मीही विचारलेलं नाही.

६ ऑगस्ट, बुध.

रोशनला सांगितलं, दुकानातच. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आईशप्पथ मॅडम, मना म्हायती असतं तं मी मेलोच असतो पण नाव नसतं घेतलं."

"मग गोळी आली नसती."

"हां. ते पण हाय."

स्पीकर का लावलेला, विचारलं. म्हणाला, सगळ्या बायका मागे लागलेल्या, आमच्या घरच्यांचं काय कळलं का, आमचा माणूस कुठं आहे. प्रत्येकीला वेगळं सांगणार कसं, म्हणून मोठ्याने लावला. "त्यांना बरं वाटाया लागलेलं वो ऐकून."

म्हणजे त्याचंही काही वाईट नव्हतं. कुणाचंच वाईट नाहीये. मग एवढं सगळं झालं कुठून?

मत पाठवायची मुदत सोमवार. माझा कागद कोरा.

९ ऑगस्ट, शनिवार

दुपारी बेल. दारात ताई, हातात पिशवी. मी काही बोलायच्या आत, "पाणी दे. तुमचा जिना काय उंच आहे गं."

जेवली. मिलिंदशी बोलली. मग मला म्हणाली, काल आंबिवलीला गेले होते.

परबांकडे. उरलेल्या गोळ्या परत द्यायला. नुसतं पाकीट कसं नेणार म्हणून खीर करून नेली. परबीण शिलाई करते, घरीच. ताईने डबा पुढे केला तर ती बाई म्हणाली, "तुम्हीच का त्या? तुमच्यापायी माझं पण फुटलं ना." परबांनी कधी कुणाला कळू दिलेलं नव्हतं, तिच्या माहेरीसुद्धा नाही. आणि त्या दिवशी हवेत सांगून मोकळा झाला, माझ्या मंडळींना तीच गोळी चालू आहे. तिला विचारायला शिलाई मशीन ते रेडिओ एवढंच अंतर होतं. विचारलं नाही. आठवडाभर बोलत नव्हती ती त्याच्याशी. जेवण वाढायची, पण पाठ करून.

"मग?"

"मग काय. आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, तो बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला." सांगताना पुन्हा हसली. आणि हसता हसता रडली. माझा हात तिने धरला नाही, पण झिडकारलाही नाही.

मग मी सांगितलं. मसुदे, काका, रोशन, सोमवार. दोन्ही वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकलं.

"हे माझ्यावरच आहे ना सगळं?"

"हो."

"दोघांनी लिहिलं. तू जोडणार. वर कोण साहेब वाचणार." बोटाने टेबलावरचा खिचडीचा डाग खरवडत होती. "मला गोळी पाहिजे होती. मी त्या पोराला कानात सांगितलं होतं. त्याने एकदा येऊन विचारलं असतं ना, ताई, मोठ्याने सांगावं लागतंय, सांगू का, तर मी हो म्हटलं असतं. मरायचं नव्हतं मला. पण मी म्हटलं असतं ना. मी."

बालवाडीचं विचारलं. सोमवारी जाणार म्हणाली, आत. फाटकाबाहेर नाही. गॅसजवळ नको तर नको, पोरांना वाढायला काय होतं, असं तोंडावर विचारणार. "आता लपवायचं काही राहिलं नाही, तर भांडायला तरी मोकळी." ठेवतील का? मला नाही वाटत. तिलाही नाही वाटत.

राहिलीय आज.

१० ऑगस्ट, रविवार

उठल्या उठल्या मत लिहायला बसले. पहिल्यांदाच सलग काही उतरलं. ईमेल हवी की नको, ते अजूनही एका बाजूला जात नाहीये. एवढंच लिहिलंय की ज्याचा निरोप आहे तो शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारावं, कसा पाठवू, कोण ऐकेल हे सांगून. आणि मेल पाठवली तर ती उघडल्याचं पलीकडच्याने बोलून कळवावं. उघडता येत नसेल तर तेही बोलावं. वाचून बघितलं तर फारच साधं वाटलं. हे नियमात कुठे बसवतात? दोघेही सह्या करतील का? प्र.का. म्हणतील, विचारत बसलात तर माणूस जाईल. रोशन म्हणेल, मुद्दा राहिला बाजूलाच.

ताई चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. मिलिंद म्हणाला, आज माहेरी दोघी. सेट लावला. नेट सुरू व्हायला अवकाश आहे, म्हणून हे लिहितेय. ताई सेटकडे बघतेय, कुणाच्या तरी कुत्र्याकडे बघावं तसं, चावणारं आहे का.

"हाच का तो?"

"हाच."

"त्या दिवशी माझं नाव घेणारे म्हातारे, ते येतील आता?"

"तेच बोलावतात सगळ्यांना."

"मला दोन शब्द बोलू देतील?"

मी सांगितलं. लायसन नसलेल्याला बोलता येत नाही. बाहेरच्या माणसाचा निरोप मी माझ्या तोंडून द्यायचा, तोही आणीबाणी असेल तरच. एरवी नाही. तसा नियमच आहे, जुना, नव्या मसुद्यातही तसाच आहे. मिलिंदने चहाला हाक मारलेली तेव्हा मला ओरडा पडलेला, तेही सांगितलं. वाटलं हसेल.

हसली नाही. कप खाली ठेवला.

"माझ्याबद्दल बोलायला चालतं. माझं नाव, माझा आजार, एकेक अक्षर करून. मी बोलले तर नाही?"

काकांची हाक आली. आवाज खोल गेलाय त्यांचा. हजेरी सुरू. डोंबिवली, कल्याण, आंबिवली. परबपण आलाय आज, ऐकायला नाही, बोलायला. आता माझं नाव. काका थांबलेत. नेहमी थांबतात त्याहून जास्त थांबलेत.

ताईने माइक उचललाय. बटण कुठलं, विचारतेय.